सोलापूरहून संसदेच्या स्थायी समितीपुढे : निवेदन, साक्ष आणि मधली लांबलचक वाट

संसदेच्या स्थायी समितीपुढे आपलं म्हणणं मांडायला ओळख लागत नाही, वकील लागत नाही, फीसुद्धा लागत नाही. मुदतीत पोचलेली, नीट लिहिलेली पानं लागतात आणि त्यानंतर महिनोन् महिने गप्प बसायची तयारी लागते. सोलापुरातल्या छोट्या यंत्रमागधारकांच्या एका गटातर्फे आम्ही या वाटेनं जाऊन आलो. पुढच्याला चाचपडावं लागू नये म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो, आमच्या विषयावरचा अहवाल अजून सभागृहात मांडला गेलेला नाही. तोवर आम्ही काय लिहून दिलं आणि आत काय बोललो हे बाहेर सांगता येत नाही. म्हणून खाली जी उदाहरणं आहेत ती कापडधंद्यातल्या कुणालाही माहीत असलेली आहेत, आमच्या निवेदनातली नव्हेत.

पहिला घोळ होतो तो समिती ओळखण्यात. मंत्रालयांवर देखरेख करणाऱ्या अशा २४ स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री त्यात नसतात. १६ समित्यांचं कामकाज लोकसभा सचिवालय बघतं, ८ समित्यांचं राज्यसभा सचिवालय. टॉवेल-चादरीचा धंदा करणाऱ्याला वाटतं आपली समिती एकच, वस्त्रोद्योगाची. ती आहे खरी, 'श्रम, वस्त्रोद्योग आणि कौशल्य विकास' या नावाची, लोकसभेकडची. पण आपली दुखणी तिच्या एकटीच्या हद्दीत मावत नाहीत. लघुउद्योग म्हणून जे प्रश्न आहेत ते उद्योग समितीकडे जातात आणि ती राज्यसभेकडे आहे. आयात-निर्यात आणि व्यापार करार वाणिज्य समितीकडे, तीही राज्यसभेची. जीएसटी आणि आयकर वित्त समितीकडे, ती लोकसभेची. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेलं, १९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ४३ब(ह) घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, नाहीतर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. सोलापूरच्या पेठेत यावर सगळ्यांत जास्त बोललं गेलं, पण हे गाऱ्हाणं वस्त्रोद्योगाच्या समितीला लिहिलं तर ते बाजूला पडणार. कलम आयकराचं आहे.

दुसरी गाळणी केंद्र की राज्य ही. २७ अश्वशक्तीच्या आतल्या-वरच्या मागांची वीज सवलत राज्य सरकार देतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले रस्ते, पाणी, महापालिकेचा कर हेही दिल्लीचं काम नव्हे. असे मुद्दे निवेदनात भरले की वाचणारा पहिल्याच पानावर ओळखतो की यांना आपण कुठं आलोय ते ठाऊक नाही. तिसरं म्हणजे, रोजच्या प्रशासनातल्या बाबी या समित्या बघत नाहीत. 'अमुक शाखेनं माझी सबसिडी अडकवली' ही तक्रार इथं चालत नाही. त्याच कारणानं पाच-सात जणांची अडकली असेल आणि नियमाच्या शब्दांतच खोट असेल, तर तो नियम हा मुद्दा होतो.

समितीकडे काम दोन तऱ्हांनी येतं. एकतर ती स्वतः विषय निवडते, नाहीतर सभागृहात आलेलं विधेयक तिच्याकडे पाठवलं जातं. कधी एकाच विधेयकासाठी संयुक्त समिती नेमतात. एकत्र निवडणुकांच्या १२९व्या घटनादुरुस्ती विधेयकासाठी २०२४च्या डिसेंबरात नेमली ती ३९ जणांची. सगळी विधेयकं समितीकडे जातातच असं मात्र नाही. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या मोजणीनुसार १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत १६ टक्के. त्यामुळं आपल्या धंद्याचं विधेयक समितीकडे गेलंय असं दिसलं की त्याच आठवड्यात कामाला लागायचं.

नोव्हेंबरात जाहिरात आली. दिल्लीच्या इंग्रजी-हिंदी दैनिकांत अशा जाहिराती येतात, सोलापुरात बसून त्या नजरेला पडणं कठीण. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक समितीचं पान आहे. तिथं निवडलेल्या विषयांची यादी, बैठकांच्या सूचना आणि निवेदनं मागवल्याची पत्रकं असतात. आठवड्यातून एकदा ते पान उघडायचं काम एकाच माणसाकडे द्यावं. सगळ्यांनी बघायचं ठरलं की कुणीच बघत नाही.

जाहिरातीतला मजकूर ठरलेला असतो. मुदत बहुधा १५ दिवसांची. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत, दोन प्रती, पत्ता नवी दिल्लीतल्या संसद भवन ॲनेक्सचा, शिवाय ईमेल. त्याखाली दोन वाक्यं असतात आणि बहुतेक जण ती वाचतच नाहीत. एक : समितीला दिलेलं निवेदन समितीच्या दफ्तराचा भाग होतं, ते गोपनीय असतं आणि बाहेर फोडलं तर तो विशेषाधिकारभंग, म्हणजे संसदेच्या खास हक्कांचा भंग ठरतो. दुसरं : समितीपुढे येऊन बोलायचं असेल तर तसं स्पष्ट कळवा, मात्र बोलवायचं की नाही हे समितीच ठरवेल.

पहिलं वाक्य आपल्या सवयीच्या अगदी विरुद्ध आहे. आपल्याकडं पूनम गेटवर धरणं द्यायचं, कलेक्टर कचेरीत निवेदन द्यायचं, देतानाचा फोटो काढायचा आणि संध्याकाळपर्यंत तो बातमीसकट सगळ्या ग्रुपवर फिरवायचा. इथं फोटो नाही, बातमी नाही आणि निवेदनाची पीडीएफ ग्रुपवर टाकायची नाही. आमच्या गटात हे गळी उतरवायला जाहिरातीतलं ते वाक्य मराठीत करून वाचून दाखवावं लागलं. मसुद्यावर काम करणारे मोजके लोक आधीच ठरवून फाइल त्यांच्यापुरती ठेवली.

पंधरा दिवसांतले पहिले आठ-नऊ दिवस लिहिण्यात घालवायचे नसतात, कागद गोळा करण्यात घालवायचे असतात. 'सूत महागलं, धंदा बुडाला' हे वाक्य समितीला काही सांगत नाही, ते तिनं शंभरदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी एकाच गिरणीचं, एकाच काउंटचं (सुताच्या जाडीचं माप) सूत घ्यायचं आणि तीन वर्षांतल्या त्याच महिन्याची तीन बिलं शेजारी ठेवायची. किलोचा दर, जीएसटी, वाहतूक वेगवेगळी लिहायची. काउंट बदलला किंवा एका बिलात भाडं धरलं आणि दुसऱ्यात नाही, की तुलना कोसळते, आणि मंत्रालयाचा माणूस नेमकं तिथंच बोट ठेवतो. कापसाच्या आयात शुल्काबद्दल लिहायचं तर 'शुल्कामुळं नुकसान' असं मोघम नको. फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पानं ते ११ टक्के झालं, १९ ऑगस्ट २०२५ पासून ३१ डिसेंबर २०२५पर्यंत ते माफ होतं. या तारखांच्या आधीची आणि नंतरची तुमची खरेदीची बिलं काय सांगतात तेवढंच लिहायचं. बिलं काही सांगत नसतील तर तो मुद्दा गाळायचा. हे जड जातं, पण गाळावा.

'कामगार मिळत नाहीत' याचंही तसंच. कारखान्यात माग किती, पाळ्या किती, एका कामगाराकडं माग किती, मागच्या तीन महिन्यांत कामगाराअभावी माग किती पाळ्या उभे राहिले, हे हजेरीपटावरून काढता येतं. बटवड्याच्या वहीतून आठवड्याची सरासरी कमाई निघते. वहीच्या पानाचा फोटो जोडताना कामगारांची नावं झाकायची. नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक असलं काही समितीच्या दफ्तरात जायची गरज नसते.

सोलापूरच्या पूर्व भागात माहिती घ्यायची म्हणजे भाषांची एक साखळीच होते. कांड्या भरणारी बाई तेलुगूत सांगते, शेजारचा जॉबर (मागांची देखभाल करणारा) ते मराठीत आणतो, लिहिणारा मराठीत लिहून घेतो आणि शेवटी निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत जातं. आकडे या साखळीत गळतात. रोजचं का आठवड्याचं, कांडीमागं का किलोमागं, उचल वजा करून का धरून, हे त्याच बैठकीत विचारून कंसात लिहून ठेवलं तरच पुढं टिकतं. आम्ही सगळ्या नोंदींसाठी एकच छापील फॉर्म केला आणि प्रत्येक आकड्यापुढं एकक लिहिणं सक्तीचं केलं. त्यावर कुरकुर झाली, पण पुढं दिल्लीहून प्रश्न आले तेव्हा तोच फॉर्म कामी आला.

निवेदन सहा ते आठ पानांत बसवावं. पहिल्या पानावर आपण कोण, किती मागांचं प्रतिनिधित्व करतो आणि चार-पाच ओळींत सगळं म्हणणं. पुढं परिच्छेदांना क्रमांक, पानांना क्रमांक. प्रत्येक मुद्द्यात आजचा नियम काय, प्रत्यक्षात काय होतं, पुरावा कोणत्या जोडपत्रात आणि नेमका बदल कोणता, एवढं यावं. विधेयक असेल तर खंडवार, म्हणजे त्यातल्या एकेका कलमावर लिहायचं. खंडाचा क्रमांक, आत्ताचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण. 'खंड रद्द करा' म्हणण्यापेक्षा 'या उपखंडात अमुक शब्द घाला' याचा उपयोग जास्त होतो. समितीचं काम शिफारस करणं आहे आणि शिफारशीला शब्द लागतात. शिवाय खासदाराला मंत्रालयाच्या सचिवांपुढं विचारता येईल असा प्रश्न तुमच्या परिच्छेदातून तयार मिळाला पाहिजे. मसुदा तपासताना आम्ही हीच कसोटी लावली, की या परिच्छेदातून एक सरळ प्रश्न निघतो का? निघत नसेल तर परिच्छेद उडवायचा. बारा पानांची सात पानं त्यातूनच झाली.

भाषांतराला पानामागं दोन-तीनशे रुपये लागले. पण भाषांतर करणाऱ्याला कापड कळत नसतं, म्हणून अंतिम हिंदी प्रत मागावर बसलेल्या माणसानं वाचावीच. पाठवताना ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही केलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी टपाल पडलं याला अर्थ नाही, ते पोचलं पाहिजे. ईमेलमध्ये एकच पीडीएफ ठेवावी. जोडपत्रांच्या वीस सुट्या फाइली पाठवल्या तर तिकडं कोण जुळवत बसणार? सोबतच्या पत्रात 'समितीपुढे तोंडी साक्ष देण्याची इच्छा आहे' हे वाक्य वेगळ्या ओळीत लिहिलं. ते नसेल तर बोलावण्याचा प्रश्नच येत नाही.

मग शांतता. पोचेचा ईमेल आला आणि त्यानंतर काही नाही. याला कारण असतं. अर्थसंकल्प मांडला की समित्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपापल्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे त्यांनी खर्चासाठी मागितलेल्या रकमा तपासण्यात बुडालेल्या असतात, बाकी विषय मागं सरकतात. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. त्याचा उपयोग नाही. संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती त्या कायद्याच्या कलम ८(१)(ग) खाली वगळलेली आहे. समितीच्या पानावर बैठकांचा कार्यक्रम बघत राहायचा, तेवढंच हातात. वाटलं तर सचिवालयाला एकदा फोन करून निवेदन सदस्यांना वितरित झालं का ते विचारावं. नीट सांगतात.

कधी समिती अभ्यासदौऱ्यावर मुंबई-पुण्याला येते आणि तिथं संघटनांना भेटते. जमलं तर जावं, पण ती अनौपचारिक चर्चा असते, रीतसर साक्ष नोंदली जात नाही. तिथं बोललो म्हणजे झालं, असं धरू नये.

बोलावणं मे महिन्यात आलं, हातात आठवडाभर ठेवून. पत्रात तारीख, वेळ, खोली आणि साक्षीदारांनी कसं वागावं याचा एक कागद. येणाऱ्यांची नावं आणि ओळखपत्राचा तपशील उलट टपाली ईमेलनं कळवायचा असतो, त्यावरून प्रवेशपास होतात. नंतर नाव बदलायला गेलं की गेटवर खोळंबा, म्हणून नावं पक्की करूनच पाठवावीत. आम्ही तिघं गेलो. एक बोलणारा, एक आकड्यांची फाइल सांभाळणारा, एक प्रश्न टिपून घेणारा. त्याहून जास्त माणसं नेऊन उपयोग नाही.

सोलापूरहून दिल्लीला सरळ कर्नाटक एक्सप्रेस आहे, दिवस आणि रात्र गाडीत जातात. मे महिन्यात आठवड्यावर आरक्षण मिळत नाही, तत्काळ काढावं लागतं. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं. पक्कं झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, आणि बैठक ऐन वेळी पुढं जाऊ शकते, गणपूर्तीलाच, म्हणजे बैठक भरायलाच, एक तृतीयांश सदस्य लागतात. ही जोखीम धरूनच निघायचं. एक दिवस आधी पोचावं. पहाडगंजला साधी खोली दीड-दोन हजारांत मिळाली. जाणं-येणं, राहणं, खाणं धरून माणशी आठ-नऊ हजार गेले. निवेदनाचा खर्च त्यापुढं किरकोळच.

पटेल चौक मेट्रोवरून ॲनेक्स जवळ आहे. मूळ ओळखपत्र लागतं, झेरॉक्स चालत नाही. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळं 'सगळं फोनमध्ये आहे' म्हणणाऱ्यानं तिथं काय करायचं? जोडपत्रं, आकड्यांचा तक्ता, सगळं कागदावर न्यावं. वर दहा-बारा जादा प्रती. साक्षीदारांच्या कागदात लिहिलेलं असतं की बसताना आणि उठताना अध्यक्षांना मान लववून अभिवादन करायचं, अध्यक्षांच्या समोरच्या ठरलेल्या जागी बसायचं, भाषा सभ्य ठेवायची आणि समितीपुढं असताना धूम्रपान करायचं नाही की काही चघळायचं नाही. मावा खिशात घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना यातली शेवटची अट सगळ्यांत अवघड.

आत गेल्यावर अध्यक्ष स्वागत करतात आणि अहवाल मांडला जाईपर्यंत कामकाज गोपनीय असल्याचं सांगतात. लोकसभेकडच्या समितीत लोकसभा अध्यक्षांच्या ५८व्या निर्देशाची आठवण देतात : तुमची साक्ष सार्वजनिक धरली जाईल आणि छापली जाऊ शकेल, एखादा भाग गोपनीय ठेवायचा असेल तर तसं सांगा, तरीही तो सदस्यांना बघता येईल. धंद्यातले दर, गिऱ्हाइकांची नावं असलं काही बोलणार असाल तर त्याच वेळी सांगायचं. समितीला वाटलं तर शपथ दिली जाते. मग ओळख, मग निवेदन.

वेळ दहा-पंधरा मिनिटं धरून चालावं. निवेदन सदस्यांच्या हातात असतं, ते वाचून दाखवण्यात वेळ घालवायचा नाही. तीन मुद्दे, प्रत्येकी दोन मिनिटं, प्रत्येकाला परिच्छेद क्रमांक. हिंदीची धास्ती नको. सोलापुरी 'मेरेकू-तेरेकू' थोडं आवरलं की पुरतं. मात्र शब्दशः नोंद घेणारे बसलेले असतात, म्हणून आकडे सावकाश आणि एककासह सांगायचे.

प्रश्नांची तऱ्हा आधी माहीत असलेली बरी. एक प्रश्न, एक उत्तर असं बहुधा होत नाही. सदस्य एकामागून एक विचारत जातात आणि उत्तरं शेवटी एकत्र द्यायची असतात. म्हणून टिपणारा माणूस लागतो : कोणत्या सदस्यांनी, काय, आपला कोणता परिच्छेद. काही प्रश्न विषयाबाहेरचे असतात, काही तुम्हालाच उलटे लागतात. कामगारांना ईएसआय, पीएफ किती जण देतात, हा प्रश्न आपल्या धंद्याला कुठंही गेलं तरी विचारला जाणार. त्याचं खरं उत्तर आणि खरी संख्या आधी काढून ठेवावी. माहीत नसेल तर 'लेखी देतो' म्हणणं चालतं. ठोकून देणं चालत नाही, समितीला जाणूनबुजून खोटं सांगणं हा विशेषाधिकारभंग आहे. एखाद्या खासदारांनी तुमचा निवेदनातला आकडा आणि मंत्रालयाचा आकडा जुळत नाही म्हटलं तर वाद घालू नये. आपला आकडा कोणत्या कागदावरून आला तेवढं सांगावं.

परत आल्यावर दोन गोष्टी येतात. एक, साक्षीची शब्दशः नोंद, तपासून परत पाठवायला. त्यात ऐकण्यातल्या चुका दुरुस्त करायच्या, आकडे आणि नावं नीट करायची. तिथं बोलायचं राहिलेलं आता घुसडायचं नाही. मुदत थोडी असते, दिलेल्या दिवसांत प्रत परत गेली नाही तर आहे तेच पक्कं धरतात. दुसरी, लेखी उत्तरांसाठी प्रश्नावली. उत्तर देताना प्रश्न जसाच्या तसा वर लिहावा आणि खाली उत्तर, जोडपत्रांचे क्रमांक निवेदनातल्या क्रमांकांच्या पुढं चालू ठेवावेत. आमच्याकडं छापील फॉर्म होते म्हणून हे दोन संध्याकाळींत झालं.

ज्यांना समितीच्या विषयाची वाट बघायची नाही त्यांना याचिका समितीचा रस्ता आहे, लोकसभेची १५ सदस्यांची आणि राज्यसभेची १०. याचिका सभागृहाला उद्देशून, ठरावीक नमुन्यात, शेवटी मागणी स्पष्ट लिहून द्यायची. न्यायालयात असलेला विषय चालत नाही. सोबत पत्रं, कागद जोडता येत नाहीत. लोकसभेकडं सह्यांची पानं एकापेक्षा जास्त झाली तर प्रत्येक पानाच्या वर मागणी पुन्हा लिहावी लागते, आणि मागणीच्या मूळ पानावर किमान एक सही हवीच. हजारो सह्यांचे कोरे कागद मागं टाचून दिले तर तेवढ्यावरून याचिका अडते. सही येत नसेल तिथं अंगठा चालतो, पण नाव-पत्ता पूर्ण हवा.

अहवाल आला की तो संसदेच्या संकेतस्थळावर चढतो. शेवटच्या जोडपत्रांत बैठकांची इतिवृत्तं आणि साक्षीदारांची यादी असते. शिफारशी ठळक अक्षरांत, क्रमांकानं. सरकारवर त्या बंधनकारक नसतात, पण मंत्रालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. सहा महिन्यांत मंत्र्यांनी सभागृहात अंमलबजावणीचं निवेदनही करायचं असतं. त्यानंतर समिती कृती अहवाल काढते आणि तो पाच प्रकरणांचा असतो. दुसऱ्या प्रकरणात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीनं सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांवरचं सरकारचं उत्तर समितीला पटलं नाही त्या आणि पाचव्यात अंतिम उत्तर यायचंय अशा. आपली शिफारस चौथ्या किंवा पाचव्या प्रकरणात असेल तर विषय जिवंत आहे. पुढच्या जानेवारीत, अनुदानाच्या मागण्यांची तपासणी सुरू व्हायच्या आधी, अहवालाचा आणि शिफारशीचा क्रमांक देऊन समितीला एक पानाचं पत्र टाकावं. सोबत त्या वर्षीच्या सुताच्या बिलाचा तोच तक्ता, नवी ओळ भरून.